भूमीच्या पोटातील धन कोणाचे?

नागपूरहून दक्षिणेकडे जाणारी आगगाडी बल्लारशा सोडून वर्धा नदी ओलांडते आणि माणिकगड, विरूर ही स्थानके मागे टाकून तेलंगणात शिरते. सिरपूर-कागजनगर, आसिफाबाद रोड, बेल्लमपल्ली, मंदमर्री, मंचिर्याल अशी नावे मग एकामागून एक येऊ लागतात. दोन्ही बाजूंना सागाची राने आणि कापसाची काळी शेते लागतात. रुळांपासून थोड्या अंतरावर मात्र टेकड्यांसारखे उंच मातीचे ढीग उभे असतात. ते निसर्गाने घातलेले नाहीत. खालच्या कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी वरची जी माती व जो खडक काढून बाजूला टाकावा लागतो, त्याचे हे ढिगारे होत.

हा सारा मुलूख २०१६ सालापर्यंत एकाच आदिलाबाद जिल्ह्याचा होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे करण्यात आले, आणि कोळशाच्या खाणी मंचिर्याल व आसिफाबाद ह्या जिल्ह्यांच्या वाट्याला गेल्या. पुढील विवेचनात आदिलाबाद म्हणजे तो जुना, अखंड जिल्हा समजावा. पैनगंगेच्या अलीकडच्या मराठी माणसाला हा जिल्हा परका नाही. नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूर ह्या तिन्ही जिल्ह्यांना तो लागून आहे आणि त्याच्या सीमेवरील कितीतरी गावांत आजही घरची भाषा मराठीच आहे.

ज्या देशांच्या भूमीत कोळसा, तेल किंवा वायू विपुल सापडतो, त्या सर्व देशांपुढे गेल्या शतकात एक प्रश्न उभा राहिला. भूमीच्या पोटातील हे धन कोणाचे? जमीन कसणाऱ्याचे, ते खणून काढणाऱ्या कंपनीचे, की राज्यसंस्थेचे? बहुतेक देशांनी ‘राज्यसंस्थेचे’ असे उत्तर दिले. परंतु तेवढ्याने प्रश्न संपला नाही, त्याचे स्वरूप मात्र पालटले. हे कसे घडते ते पाहण्यास आदिलाबादइतके बोलके उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

मालकीची तीन कारणे

शेतातील पीक शेतकऱ्याच्या श्रमाचे असते. कोळशाचे तसे नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीची वने गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. त्यात कोणत्याही मनुष्याचे कर्तृत्व नाही. कोळसा वर आणण्यास मजुरी, यंत्रे आणि भांडवल लागते, आणि त्याचा मोबदला त्या त्या माणसाला मिळणे योग्यच आहे. परंतु विक्रीच्या किमतीतून हा सर्व मोबदला वजा केल्यावरही पुष्कळदा काही रक्कम उरते. ही उरलेली रक्कम निसर्गाच्या देणगीची किंमत होय. जगातील तेलाचे आणि कोळशाचे बहुतेक तंटे ह्याच रकमेसाठी झाले आहेत.

राज्यसंस्था ह्या रकमेवर हक्क सांगते तो तीन कारणांनी. जे कोणीच निर्माण केले नाही ते सर्वांचे असावे, हे पहिले कारण. इंधन हा आगगाड्या, कारखाने आणि वीज ह्या सर्वांचा आधार असल्याने तो एखाद्या खाजगी मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, हे दुसरे. आणि दुबळ्या राजवटींनी परकीय कंपन्यांना पूर्वी दिलेले मक्ते पुढील पिढ्यांना जाचू लागले, हे तिसरे. अमेरिकेत आजही जमिनीचा खाजगी मालक खालच्या तेलाचाही मालक असू शकतो. पण तो प्रकार जगात अपवादात्मक आहे. मेक्सिकोने १९१७ च्या राज्यघटनेत भूगर्भातील संपत्ती राष्ट्राची ठरविली आणि १९३८ साली परकीय तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६२ साली एका ठरावाने नैसर्गिक संपत्तीवरील राष्ट्रांची कायमची सत्ता मान्य केली.

भारतातील कायदा मात्र समजतो तितका सरळ नाही. मलबारातील जमीनधारकांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असे सांगितले की, कायद्याने हक्क काढून घेतला नसेल तर जमिनीखालचे खनिज जमीनमालकाचेच असू शकते. म्हणजे राज्याची मालकी हा निसर्गनियम नव्हे. ती कायद्याने आणावी लागते, आणि जे कायद्याने आणले जाते त्याचा जाबही कायद्याने विचारता येतो.

हैदराबादचा मक्ता

आता मूळ कथेकडे वळू. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे डॉ. विल्यम किंग यांना १८७१ साली निजामाच्या राज्यात येल्लंदूच्या परिसरात कोळसा आढळला. जवळच्याच सिंगरेणी ह्या लहानशा गावाचे नाव पुढे साऱ्या उद्योगाला मिळाले. १८८६ साली खाणकामाचे हक्क ‘हैदराबाद (दख्खन) कंपनी’ ह्या इंग्लंडात स्थापन झालेल्या कंपनीकडे गेले, आणि १८८९ पासून कोळसा नियमितपणे निघू लागला.

हा मक्ता कसा दिला गेला, याची चर्चा त्या काळी लंडनपर्यंत पोहोचली. मक्ता मिळविणाऱ्या प्रवर्तकांनी कंपनीचे बहुतेक भाग रोख पैसे न भरता स्वतःकडे ठेवले होते, आणि संस्थानच्या पैशाने काही भाग चढ्या भावाने खरेदी झाले होते. प्रकरण इतके गाजले की १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. भूमीतील धन राजाचे खरे. पण राजाच्या नावाने सही करणारा मुखत्यार कोणाचे हित पाहतो, हा प्रश्न त्या वेळीच पुढे आला.

ह्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०१ साली, इराणच्या शहाने विल्यम नॉक्स डार्सी ह्या धनिकाला साठ वर्षांचा तेलाचा मक्ता दिला आणि त्याच्या मोबदल्यात निव्वळ नफ्याचा सोळा टक्के वाटा पत्करला. राजा, मक्ता आणि लंडनमधील भागधारक हे हैदराबादेतील चित्र तेथे अधिक मोठ्या पटावर रंगले. इराणने १९५१ साली तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले; दोन वर्षांनी तो निर्णय घेणारे पंतप्रधान मोसादेक यांचे सरकार परकीयांच्या साहाय्याने उलथून टाकण्यात आले.

हैदराबादचा मार्ग शांततेचा होता. १९२० च्या डिसेंबरात ‘सिंगरेणी कॉलियरीज कंपनी’ ही नवी मंडळी हैदराबादच्याच कंपनी कायद्याखाली स्थापन झाली आणि तिने जुन्या कंपनीची सारी मालमत्ता व देणी स्वतःकडे घेतली. त्याच दशकात आदिलाबाद जिल्ह्यात बेल्लमपल्लीच्या परिसरात खाणी सुरू झाल्या आणि रानाच्या मध्यावर एक नवे गाव वसले. १९४५ साली हैदराबाद सरकारने कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले. इराणने कायद्याने जे केले, ते हैदराबादने सहा वर्षे आधी पैसे मोजून केले. भारतात कोळशाच्या एखाद्या मोठ्या कंपनीवर सरकारी मालकी येण्याची ही आरंभीची घटना होय.

एक पट्टा, दोन मालक

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन तेलुगू भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि त्याबरोबर सिंगरेणीची सूत्रेही गेली. १९६० पासून केंद्र सरकार कंपनीत भागीदार झाले. आज कंपनीच्या भागभांडवलात तेलंगण सरकारचा वाटा ५१ टक्के आणि केंद्राचा ४९ टक्के आहे.

ह्याच प्रांतरचनेत एक अशी घटना घडली की जिचे महत्त्व मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका तोपर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. तो मराठी मुलुखात आला. प्रथम नांदेडला आणि पुढे १९५९ साली चांद्याला जोडला गेला. राजुऱ्याजवळ सास्ती आणि पोवनी येथे कोळसा आहे. वर्धेच्या खोऱ्यातील हा कोळसा आणि गोदावरीच्या खोऱ्यातील बेल्लमपल्लीचा कोळसा हे भूगर्भाच्या दृष्टीने एकाच लांबलचक पट्ट्याचे भाग आहेत. राज्याची सीमा मात्र मधून गेली.

१९७३ साली केंद्र सरकारने देशातील कोळशाच्या खाजगी खाणी ताब्यात घेतल्या. वरवरचा चांगला कोळसा तेवढा काढून घ्यायचा, बाकीचा थर वाया घालवायचा आणि मजुराच्या जिवाची पर्वा करायची नाही, असा पुष्कळ खाजगी मालकांचा खाक्या होता. राष्ट्रीयीकरणाला तेही एक कारण झाले. १९७५ साली कोल इंडिया ही केंद्राची कंपनी निघाली, आणि विदर्भातील खाणी तिच्या नागपूर येथील ‘वेस्टर्न कोलफील्ड्स’ ह्या शाखेकडे आल्या. सिंगरेणी मात्र आधीच सरकारी असल्यामुळे ह्या कायद्याच्या कक्षेत आली नाही.

परिणाम असा की, पूर्वी एकाच जिल्ह्यात असलेल्या कोळशाला आज दोन सरकारी मालक आहेत. सास्तीच्या खाणीतील नफ्याचा आणि विस्ताराचा निर्णय शेवटी दिल्लीशी बांधलेला असतो, तर मंदमर्रीच्या खाणीचा निर्णय मुख्यतः हैदराबादेत होतो. ‘सरकारी मालकी’ हा शब्द एकच असला तरी सरकार कोणते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. कोळसा काढला की त्याच्या किमतीवर जे स्वामित्वधन द्यावे लागते, ते ज्या त्या राज्याला मिळते. २०१२ पासून कोळशावर सर्वसाधारणपणे त्याचा दर किमतीच्या १४ टक्के आहे. नफा, नोकऱ्या आणि निर्णयाची सत्ता ह्या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या सर्वस्वी मालकाच्या हाती राहतात.

ह्या सत्तेचे मोल तेलंगणातील लोकांना ठाऊक होते. २०११ साली स्वतंत्र तेलंगणासाठी जो सार्वत्रिक संप झाला, त्यात सिंगरेणीचे कामगारही उतरले. कोळसा थांबला की वीज थांबते आणि वीज थांबली की राजधानीला जाग येते, हे गणित त्यांनी मांडले. २०१४ साली राज्य झाले तेव्हा कंपनीतील राज्याचे सारे भाग तेलंगणाकडे आले. २०१६ साली मंचिर्यालजवळ जयपूर येथे कंपनीचे स्वतःचे १,२०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले.

सरकारी मालकीने काय दिले

सरकारी मालकीने जिल्ह्याला पुष्कळ काही दिले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कायम नोकरी, राहण्यास घर, रुग्णालय, मुलांना शाळा ह्या गोष्टी खाणकामगाराच्या वाट्याला येतात, आणि ज्या मुलुखात शेती पावसावर आणि मजुरी मुकादमावर अवलंबून, तेथे हे लहान दान नव्हे. १९९० नंतरच्या दशकात कंपनी तोट्यात बुडून दोनदा आजारी उद्योगांच्या यादीत गेली. सरकारच्या आधाराने आणि कामगारांच्या सहकार्याने ती सावरली. त्यानंतर नफ्यातील काही हिस्सा कामगारांना वाटण्याची प्रथा पडली, आणि अलीकडच्या वर्षांत हा हिस्सा नफ्याच्या तिसऱ्या भागाच्या जवळपास पोहोचला आहे. २०२३-२४ साली कंपनीने सुमारे सात कोटी टन कोळसा काढला.

परंतु ह्याच काळात खाणीचे स्वरूप बदलले. पूर्वीच्या खाणी भुयारी होत्या. भुयारी खाणीला माणसे फार लागतात, जमीन थोडी लागते. वर शेती चालू राहू शकते. आता बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. तेथे प्रचंड यंत्रे वरची सगळी जमीन उचलून बाजूला ठेवतात. कोळसा स्वस्त पडतो, थरातील अधिक भाग हाती लागतो, भुयार कोसळून माणसे दगावण्याचे भय राहत नाही. मात्र माणसे थोडी लागतात आणि जमीन फार लागते. १९९० च्या सुमारास कंपनीत एक लाखाहून अधिक माणसे कामाला होती. आज ती संख्या चाळीस हजारांच्या आसपास आली आहे, आणि कोळसा मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक निघतो. कंपनी तीच आणि मालकही तोच. पण गावाशी असलेला तिचा व्यवहार पार उलटा झाला. पूर्वी ती गावाकडून माणसे घेई आणि पगार देई. आता ती मुख्यतः जमीन घेते आणि भरपाई देते. पगार महिन्यामहिन्याला येतो. भरपाई एकदाच येते आणि संपते.

बेल्लमपल्लीकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट दिसते. एके काळी ज्या गावात पाळीच्या भोंग्यावर घड्याळे लावली जात, तेथील जुन्या भुयारी खाणी एकामागून एक बंद झाल्या. बेल्लमपल्ली ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विभागाचे कार्यालयदेखील आता गोलेटी येथे आहे. खाण पुढे सरकते. घर, दुकान आणि शाळा यांना तसे सरकता येत नाही.

ज्यांचे नाव खडकाला

ह्या कथेत आणखी एक पक्ष आहे, आणि तो सर्वांत जुना आहे. आदिलाबादच्या डोंगराळ भागात गोंड आणि कोलाम यांची वस्ती आहे. कोळसा ज्या खडकांत सापडतो त्या खडकांना भूशास्त्रात ‘गोंडवन’ असे नाव आहे. एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांनी गोंडांच्या मुलुखावरून ते दिले, आणि पुढे दक्षिणेकडील खंडे ज्या प्राचीन महाखंडातून फुटून निघाली त्या महाखंडासही तेच नाव मिळाले. गोंडांचे नाव पृथ्वीच्या इतिहासात कोरले गेले. खाणीच्या कागदपत्रांत मात्र मालक म्हणून ते कोठेच आले नाही.

राज्याच्या मालकीचा अनुभव ह्या लोकांना कोळशाच्या आधी जंगलात आला. निजामाच्या जंगलखात्याने राखीव वनांच्या हद्दी आखल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या जेथे शेती व चराई चालत होती तेथे ती गुन्हा ठरली. ह्या जुलमाविरुद्ध कुमुरम भीम ह्या गोंड तरुणाने लोकांना एकत्र केले. १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे काही साथीदार मारले गेले. जल, जंगल आणि जमीन ही त्याच्या नावाशी जोडली गेलेली घोषणा आज देशभर ऐकू येते. ह्या प्रसंगानंतर निजाम सरकारला जाग आली. फ्यूरर-हायमेन्डॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाला तेथील परिस्थितीचा अभ्यास करण्यास पाठविण्यात आले. त्याच्या शिफारशींवरून गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले आणि मार्लवाई येथे त्यांच्या शिक्षणाचे केंद्र निघाले. राज्य जंगलाचे मालक होते म्हणून हा अन्याय करू शकले, आणि पुढे त्याच अधिकाराने त्यातील थोडा भाग भरूनही काढू शकले. मालकीच्या ह्या दोन्ही बाजू लक्षात ठेवल्या पाहिजेत.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने आदिवासी मुलुखाला संरक्षण दिले. आंध्र प्रदेशात १९५९ साली आणि अधिक कडक स्वरूपात १९७० साली असे नियम झाले की, अनुसूचित क्षेत्रातील जमीन आदिवासीखेरीज दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये. मग प्रश्न आला की, सरकारच जर आपली जमीन खाजगी खाणवाल्यांना भाड्याने देऊ लागले तर? विशाखापट्टण जिल्ह्यातील ‘समता’ ह्या संस्थेने हा प्रश्न न्यायालयात नेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली बहुमताने निर्णय दिला की, अनुसूचित क्षेत्रात सरकारलाही आपली जमीन खाजगी कंपनीला खाणीसाठी देता येणार नाही. सरकारी महामंडळे आणि आदिवासींच्या सहकारी संस्था यांना ही बंदी नाही, आणि नफ्याचा काही भाग त्या परिसराच्या उन्नतीसाठी ठेवावा, असेही न्यायालयाने सांगितले.

हा निकाल आदिलाबादच्या अनुसूचित भागालाही लागू पडतो. तेथे सरकारी मालकी हा केवळ आर्थिक धोरणाचा विषय राहत नाही. आदिवासीच्या जमिनीभोवतीचे ते एक कुंपण आहे. कुंपण घालणाराच आत शिरला तर काय, ही शंका मात्र त्यातून सुटत नाही. सरकारी कंपनीचे यंत्रही जमीन उचलतेच. म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि त्याआधी १९९६ च्या पंचायतविस्तार कायद्याने ग्रामसभेला जो अधिकार दिला, त्याचे महत्त्व मोठे आहे. ग्रामसभेची बैठक केवळ सहीशिक्क्यासाठी भरली तर कायद्याचे अक्षर राहते आणि प्राण जातो.

लिलावाचे युग

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ह्या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. १९९३ पासून सरकारने कोळशाचे दोनशेहून अधिक पट्टे कंपन्यांना लिलावाशिवाय वाटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ते वाटप मनमानी ठरवून रद्द केले. मालकी सरकारची असली तरी वाटप अंधारात झाले तर धन खाजगी खिशात जाते, असा त्याचा अर्थ होता, आणि १८८६ च्या मक्त्याची आठवण तेथे अपरिहार्यपणे होते. त्यानंतर लिलावाची पद्धत आली, आणि २०२० पासून खाजगी कंपन्यांना कोळसा काढून बाजारात विकण्यासाठीही पट्टे मिळू लागले.

सिंगरेणीच्या मुलुखातील काही पट्टेही लिलावाच्या यादीत आले. मंचिर्याल जिल्ह्यातील श्रावणपल्ली आणि कल्याणीखाणी येथील पट्टे त्यांत होते. २०२१ च्या डिसेंबरात सिंगरेणीच्या कामगारांनी ह्याविरुद्ध तीन दिवसांचा संप केला. २०२४ च्या जूनमध्ये श्रावणपल्लीचा पट्टा पुन्हा लिलावास निघाला, तेव्हा तो सरळ सिंगरेणीलाच द्यावा अशी मागणी तेलंगण सरकारने केली.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. लिलाव उघड असतो, त्यात बोलीचा पैसा राज्याच्याच तिजोरीत पडतो, आणि सरकारी कंपनीलाही बोली लावण्यास मज्जाव नाही, असे केंद्राचे म्हणणे. कामगारांचे म्हणणे असे की, जुन्या खाणी संपत आल्या आहेत आणि नवे पट्टे परक्या हाती गेले तर शंभर वर्षांहून जुनी कंपनी हळूहळू वाळून जाईल. तिच्याबरोबर तिच्या वसाहती आणि रुग्णालयेही जातील. लिलावात कोळशाची किंमत कळते. वसाहतीची किंमत त्यात येत नाही.

सत्तेच्या वाटणीचाही एक निर्णय ह्याच काळात झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०२४ च्या जुलैत बहुमताने ठरविले की, स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजांच्या हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. खनिजसंपन्न राज्यांचा हात त्यामुळे बळकट झाला. परंतु राज्याच्या राजधानीपर्यंत आलेला पैसा खाणीच्या गावापर्यंत जातो काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी २०१५ साली प्रत्येक खाणजिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. खाणवाल्याने स्वामित्वधनाशिवाय त्याच्या दहा ते तीस टक्के इतकी रक्कम ह्या प्रतिष्ठानाला द्यावयाची, आणि ती खाणीची झळ लागलेल्या गावांवर खर्च व्हावयाची. तरतूद उत्तम आहे. गावकऱ्यांनी तिचा हिशेब मागितला तरच ती सफळ होईल.

संपणारे धन

नॉर्वे आणि व्हेनेझुएला ह्या दोन्ही देशांत तेल राष्ट्राचे मानले जाते. व्हेनेझुएलाने १९७६ साली तेलउद्योग ताब्यात घेतला. पण तेलाचा पैसा येईल तसा खर्च होत गेला, इतर उद्योग खुरटले, आणि तेलाचे भाव व उत्पादन खाली येताच सारा देश संकटात सापडला. नॉर्वेने १९७२ साली सरकारी तेल कंपनी काढली आणि १९९० साली कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा निधी उभारला. मूळ रकमेला हात न लावता साधारणपणे तिच्या अपेक्षित उत्पन्नाएवढेच खर्च करावे, असा दंडक तेथे घालण्यात आला. तेल आज ना उद्या संपणार, ते अजून न जन्मलेल्यांचेही आहे, हा विचार त्यामागे आहे. मालकी दोन्हीकडे राज्याचीच. एकीकडे राज्य उधळे मालक ठरले, दुसरीकडे विश्वस्त.

आदिलाबादच्या कोळशालाही हीच कसोटी लावली पाहिजे. कोळसा एकदाच निघतो. शिवाय सूर्य आणि वारा यांपासून मिळणाऱ्या विजेकडे जग वळत असल्याने त्याचा काळ कदाचित थरापेक्षाही आधी संपेल. म्हणून मालक कोण, ह्या प्रश्नाबरोबरच आणखी तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. खाण कोठे आणि केव्हा काढावी हे ठरविताना ज्याच्या पायाखालची जमीन जाते त्याचे मत विचारले जाते काय? निसर्गाच्या देणगीची जी किंमत उरते तिचा योग्य वाटा त्या मुलुखाला मिळतो काय? आणि कोळसा संपल्यावर तेथे काय उरते?

मक्त्याचे युग गेले, संस्थान गेले, एका राज्याची दोन राज्ये झाली, आणि एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. ह्या सर्व स्थित्यंतरांत कागदावरील मालक बदलत गेला. गोंडाचे शेत, कामगाराची चाळ आणि बेल्लमपल्लीची बाजारपेठ मात्र आपल्या जागीच राहिली. मातीच्या त्या ढिगांवर पुन्हा झाडे लागली, खाणीच्या खड्ड्यातील पाणी शेताला मिळाले, आणि खाणकामगाराच्या मुलाला त्याच गावात दुसरा धंदा सापडला, तर राज्याने हे धन विश्वस्ताच्या निष्ठेने सांभाळले असे पुढची पिढी म्हणेल. तसे झाले नाही, तर मालकीची सर्व कागदपत्रे कायद्याने बिनचूक असूनही तिच्या लेखी त्यांचे मोल राहणार नाही.